घोडे नव्हते म्हणून सायकली

गेल्या गणेशोत्सवात आम्ही काही उत्साही मंडळींनी ‘ते रापाचे शोले’ नावाचे पाऊण तासाचे प्रहसन सादर केले, ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ठाकूर मी होतो. (केस सर्वांत जास्त पिकलेले असल्याने निवड बिनविरोध झाली.) दरोडेखोर मुलांच्या स्कूटर ढकलत आले, रामगढच्या जागी ‘द बेस’चे पार्किंग होते आणि गब्बर गावकऱ्यांकडे धान्याऐवजी दुधाची भुकटी मागत होता. मागे खुर्च्यांवर बसलेली चाळिशीपुढची मंडळी डोळे पुसत हसत होती. पुढे सतरंजीवर बसलेली आपली पोरे मात्र ढिम्म! स्कूटर आल्या तेव्हा थोडी खसखस पिकली, तेवढीच.

घरी येताना गाडीत आमच्या धाकटीने विचारले, “बाबा, तुम्ही सगळा वेळ हात का लपवून ठेवले होते?”

ती सोळा वर्षांची आहे, मराठी चांगले बोलते, हिंदी समजते. मी तिला ठाकूरचे हात गब्बरने कसे तोडले ते सांगू लागलो. सांगता सांगता आमच्या प्रहसनातला सगळा विनोद माझ्या तोंडातच विरघळून गेला. मूळ गोष्ट ठाऊक नसेल तर विडंबन म्हणजे वेडगळपणा, हे मला त्या रात्री कळले. मग काही महिने मी विडंबनपट, म्हणजे लोकांच्या परिचयाच्या सिनेमांची नक्कल करून हसवणारे सिनेमे, या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. मी अभियंता आहे, चित्रपटांचा अभ्यासक नव्हे. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

पहिला धागा सापडला तो अगदी दारात. ते रापाहून शहरात उतरले की व्हिक्टोरिया स्ट्रीटवर २००४ साली एक पुतळा उभारण्यात आला. अंतराळवीराचा पोशाख, हाती चमत्कारिक शस्त्र, चेहरा एखाद्या झपाटलेल्या कारकुनासारखा. वर्षानुवर्षे मी त्याच्याजवळून गेलो आणि हा कुणी स्थानिक विनोद असावा असे समजत राहिलो. तो रिफ रॅफ, ‘रॉकी हॉरर’मधला नोकर. ते पात्र लिहिणारा आणि रंगवणारा रिचर्ड ओब्रायन जन्माने इंग्लंडचा. दहा वर्षांचा असताना, १९५२ साली, आईबापांबरोबर न्यूझीलंडला आला आणि पुढे आपल्या हॅमिल्टनमध्ये केस कापण्याचे काम करीत होता. पुतळ्याच्या जागी तेव्हा एम्बसी नावाचे थिएटर होते. तेथे हा न्हावीदादा एका तिकिटात दोन-दोन सिनेमे पाहत बसे. परग्रहावरचे प्राणी, वेडे शास्त्रज्ञ, रबरी राक्षस असा सगळा दुय्यम दर्जाचा माल. समीक्षक ज्याकडे ढुंकूनही पाहत नसत ते तो पुन्हा पुन्हा पाही.

१९६४ साली तो इंग्लंडला परत गेला. घोड्यावर बसणे त्याला इथे न्यूझीलंडमध्ये येऊ लागले होते, त्या जोरावर त्याला ‘कॅरी ऑन काउबॉय’ या १९६५ सालच्या सिनेमात किरकोळ घोडेस्वाराचे काम मिळाले. गंमत म्हणजे तो सिनेमाही विडंबनच होता, अमेरिकेतल्या काउबॉयपटांचे. पुढे १९७३ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्टच्या माडीवरच्या छोट्या रंगमंचावर, साठेक प्रेक्षकांसमोर, त्याचे ‘द रॉकी हॉरर शो’ हे संगीत नाटक आले. त्यात ते सगळे एम्बसीतले सिनेमे होते. पावसाळी रात्री बंद पडलेली मोटार, आडरानातला वाडा, प्रयोगशाळेत माणूस तयार करणारा शास्त्रज्ञ. चित्रपटात तर शेवटी ‘किंग काँग’सारखे मनोऱ्यावर चढणेही आले. फक्त सगळ्याची वस्त्रे बदललेली. शास्त्रज्ञाच्या अंगावर बायकांचा पोशाख आणि उंच टाचांचे बूट.

हा चित्रपट लंडनमध्ये १४ ऑगस्ट १९७५ रोजी लागला. दुसऱ्या दिवशी, १५ ऑगस्टला, मुंबईत ‘शोले’ लागला. ही तारीख सापडली तेव्हा मी घरातल्यांना हाका मारून दाखवली. कुणाला फारसे कौतुक वाटले नाही. असो.

दोन्ही सिनेमांचे सुरुवातीला बरे चालले नाही आणि दोन्ही पुढे प्रेक्षकांनीच उचलून धरले. ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक काळ होता. त्याच्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि लग्नाच्या मांडवातही त्या वाजू लागल्या. ‘रॉकी हॉरर’ १९७६पासून न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीच्या खेळाला लागला. तेथे प्रेक्षक पात्रांच्या आधी संवाद म्हणत, लग्नाच्या प्रसंगी तांदूळ उधळत. मनमाडला आमच्या थिएटरात गब्बरच्या आधी गब्बरचे बोलणारे किती तरी होते. अक्षता तेवढ्या कुणाला सुचल्या नाहीत.

ओब्रायनची गोष्ट सोडण्यापूर्वी एक मुद्दा सांगितला पाहिजे, कारण तो आपल्यासारख्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. म्हातारपणी त्याने न्यूझीलंडला कायमचे राहायचे ठरवले, तर वय जास्त म्हणून इमिग्रेशनच्या नियमांत तो बसेना. भर रस्त्यात माणसाचा पुतळा, आणि राहायची परवानगी नाही! पुढे त्याच्यासाठी मार्ग काढला गेला आणि २०११ साली तो रीतसर नागरिक झाला. आपल्यापैकी ज्यांनी गुणांची बेरीज करून करून पाटीची कागदे संपवली आहेत, त्यांना हा प्रसंग विनोदी वाटावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता विडंबन म्हणजे नेमके काय, याबद्दल थोडे. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. केशवकुमारांची, म्हणजे आचार्य अत्र्यांची, ‘झेंडूची फुले’ आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी तोंडपाठ केली. रविकिरण मंडळाच्या आणि इतर कवींच्या ढंगाची टिंगल त्यांनी केली, पण वृत्त कुठे ढळू दिले नाही. ज्याला मूळ कवितेची चाल सांभाळता येत नाही त्याने विडंबनाच्या वाटेला जाऊ नये, ही त्यातली खरी शिस्त. चित्रपटातही तेच. १९८० सालच्या ‘एअरप्लेन!’ या अमेरिकन विडंबनपटाच्या कर्त्यांनी ‘झीरो अवर!’ या १९५७ सालच्या गंभीर विमानपटाचे हक्क रीतसर विकत घेतले आणि त्याचा सांगाडा जवळजवळ तसाच ठेवला. नटही विनोदी न घेता लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक असे भारदस्त घेतले आणि त्यांना चेहऱ्यावरची सुरकुती हलवू दिली नाही. विडंबनात हसायचे ते प्रेक्षकाने. आमच्या प्रहसनात गब्बरच स्वतःच्या संवादांना हसत होता, हा आमचा दोष मी येथे कबूल करतो.

‘शोले’ही काही आकाशातून पडला नव्हता. कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराय’, त्यावरून निघालेला ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, इटलीत तयार झालेले काउबॉयपट या सगळ्यांचे पाणी त्याच्यात आले आहे. बंगलोरजवळच्या रामनगरच्या खडकांवर हे परदेशी कलम लावले आणि ते असे रुजले की आपल्याला ते मूळचेच झाड वाटू लागले. मग त्याच्यावर बांडगुळेही वाढली. १९९१ मध्ये ‘रामगढ के शोले’ निघाला. त्यात गब्बर म्हणून खुद्द अमजद खान आणि त्याच्याभोवती बड्या नटांसारखे दिसणारे लोक. ‘शोले’तला कालिया, म्हणजे आपले विजू खोटे, १९९४ च्या ‘अंदाज अपना अपना’त रॉबर्ट होऊन आले. त्या सिनेमात तर ‘मिस्टर इंडिया’तल्या मोगँबोचा पुतण्या म्हणवणारा गोगो नावाचा खलनायक आहे. पडद्यावरच्या खलनायकांना नातेवाईक फुटू लागले, की समजावे सिनेमा लोकांच्या घरात शिरला.

पण या सगळ्यांपेक्षा मला जो सांगायचा आहे तो ‘शोले’ मुंबईचा नाही. तो मालेगावचा आहे.

मालेगाव आमच्या मनमाडहून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. मोसम नदी गावातून जाते, पुढे गिरणेला मिळते. नाशिकच्या नारोशंकराची घंटा आपल्याला माहीत असते. त्याच नारोशंकर राजेबहाद्दरांचा भुईकोट किल्ला मालेगावात आहे. १८५७ नंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातून मुसलमान विणकर कुटुंबे येथे येऊन वसली. घर सोडून हजार-बाराशे किलोमीटरवर आलेली माणसे, बोलणे उर्दू, हात कुशल. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले आणि गावाला रात्रंदिवस खडखडाट जडला. शुक्रवारी माग बंद. त्या दिवशी थिएटरांसमोर जी रांग लागे ती पाहिल्याशिवाय कळायची नाही.

माझी थोरली बहीण मालेगाव कॅम्पात दिलेली. आम्ही मनमाडकर मालेगावबद्दल काय बोलत असू ते आज आठवले की मान खाली जाते. दंगलीचे गाव, घाणीचे गाव, संध्याकाळनंतर थांबू नये असे गाव. बहिणीकडे गेलो तरी पाच वाजताची गाडी धरायची, हा आमच्या वडिलांचा शिरस्ता.

या गावात नासिर शेख नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवत असे. चॅप्लिन, बस्टर कीटन यांचे मूकपट तो लावी. लग्नांचे व्हिडिओ काढायचा अनुभवही त्याच्या गाठीशी होता. २००० साली त्याने ‘मालेगाव के शोले’ बनवला. साधा व्हिडिओ कॅमेरा, दोन व्हीसीआर जोडून संकलन, एकूण खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. मूळ ‘शोले’ सत्तर मिलिमीटरचा, त्यातल्या एका रेल्वे दरोड्याच्या प्रसंगाला पनवेलजवळ सात आठवड्यांहून अधिक काळ लागला होता. मालेगावात घोडे कुठून आणणार? डाकू सायकलींवर आले. आगगाडी कुठून आणणार? त्यांनी बसचा पाठलाग केला. नट म्हणजे माग चालवणारे, दुकानदार, किरकोळ धंदे करणारे. गावातल्या बाया पडद्यावर येण्यास तयार नसल्याने नायिका बाहेरगावच्या. संवाद मालेगावच्या बोलीत. पार्लरमध्ये तो सिनेमा दोन महिने चालला. लोकांनी त्यात आपले शेजारी पाहिले.

मी तो पाहिला २००६च्या डिसेंबरात. आम्ही न्यूझीलंडला येऊन दोन वर्षे झाली होती, पहिलीच भारतभेट. त्या वर्षी ८ सप्टेंबरला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या मोठ्या कब्रस्तानाजवळ बाँबस्फोट झाले होते, तीसहून जास्त माणसे गेली होती. बहिणीकडे गेलो तर भाचा व्हीसीडी लावून बसलेला. म्हणाला, “मामा, बघा ना. तो सायकलवरचा डाकू दिसतो ना, तो बाबांच्या दुकानात येतो.” मी पाच-सात मिनिटे पाहिले असतील. चित्र धूसर, आवाज फाटका. इथे माणसे मेली आहेत आणि ही पोरे असली भिकार नक्कल बघत बसली आहेत, असे काहीसे मी बोललो. परदेशात दोन वर्षे काढलेल्या माणसाचा जो एक आवाज असतो, त्या आवाजात बोललो. भाच्याने व्हीसीडी काढली आणि पाकिटात ठेवली.

ते मी विसरूनही गेलो होतो. या लेखासाठी शोध घेताना फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ सालचा माहितीपट पाहिला आणि तो आवाज मला पुन्हा ऐकू आला.

या माहितीपटात नासिर आणि त्याची मंडळी ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनवीत आहेत. सुपरमॅन आहे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, काडीपैलवान. अमेरिकन सुपरमॅनच्या छातीत याचे तीन शफीक मावतील. लाल चड्डीचा नाडा बाहेर लोंबतो आहे. हिरव्या पडद्यासमोर आडवे होऊन उडायचे, बाकीच्यांनी अंगरखा फडफडवायचा. एकदा चित्रीकरण चालू असताना कॅमेराच पाण्यात पडतो. सगळ्या टोळीचा तो एकुलता एक कॅमेरा. कुणी ओरडत नाही, कुणावर खापर फोडत नाही. सगळे वाकून त्या यंत्रातले पाणी निथळते का ते बघत राहतात. मधेच शफीकचे लग्न येते, त्यासाठी काम थांबते. फरोग जाफरी हे त्यांचे लेखक. संकलन आणि खलनायकी अशा दोन्ही बाजू सांभाळणारे अक्रम खान. त्या खलनायकाला घाण प्रिय आहे. गावाला नावे ठेवणारे आम्ही जे बोलत होतो, तेच त्यांनी खलनायकाच्या तोंडी घातले होते. आमच्याही आधी त्यांना ते दिसले होते आणि त्यांनी त्याचा सिनेमा केला होता.

येथे मला ‘एअरप्लेन!’ आणि मालेगाव यांतला फरक दिसला. ‘एअरप्लेन!’ विमानपटांना हसतो. मालेगावचा सुपरमॅन सुपरमॅनला हसतच नाही. त्याला स्वतःचे गाव, स्वतःचा खिसा आणि नाडा यांचे हसू येते आहे, आणि तरीही त्याला खरोखरच उडायचे आहे. अत्र्यांच्या विडंबनात बोचकारा आहे. ओब्रायनचा जीव एम्बसीतल्या त्या टाकाऊ सिनेमांवर होता, म्हणून त्याच्या थट्टेत ऊब आहे. मालेगावकरांची जात ओब्रायनचीच. दोघेही सिनेमाच्या राजधानीपासून दूर, अंधारात बसून दुसऱ्याचे सिनेमे पाठ करणारे. फरक एवढाच की ओब्रायनला लंडन गाठता आले. मालेगावहून मुंबई तीनशे किलोमीटरच्या आत, पण ते अंतर तसे किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

आपल्या मराठीत या जातीचे काय आहे, असा प्रश्न साहजिक येईल. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) मला त्याच्या जवळचा वाटतो. मूळ कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ सालच्या अमेरिकन भयपटाची. तिथे जादूटोणा, इथे बाबा चमत्कारचा मृत्युंजय मंत्र. तिथला खुनी इथे तात्या विंचू झाला आणि दिलीप प्रभावळकरांनी तो इतका मन लावून केला की हसावे की घाबरावे कळेना. बाहुला घडवला आणि नाचवला रामदास पाध्यांनी, ज्यांच्या घरचा अर्धवटराव आपण सर्वांनी पाहिलेला आहे. याला शुद्ध विडंबन म्हणावे का याबद्दल वाद होईल. माझ्या मते ते रूपांतर आहे, पण नाव ठेवतानाच त्यातल्या भीतीची हवा काढून घेतलेली आहे. ‘तात्या’ म्हटल्यावर कोण किती घाबरणार?

आणि आपल्या मुलांचे? त्यांना त्यांचे विडंबन आहे. तायका वैतिती आणि जेमेन क्लेमंट यांचा ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ (२०१४) आमच्या धाकटीने किती वेळा पाहिला असेल देव जाणे. वेलिंग्टनला एका भाड्याच्या घरात चार रक्तपिपासू राहतात आणि भांडतात कशावरून, तर एकाने पाच वर्षे भांडी घासली नाहीत म्हणून. पहिल्यांदा मी तिच्याशेजारी बसून पाहिला तेव्हा मला फारसे हसू आले नाही. ड्रॅक्युलाच्या सिनेमांचे संस्कार माझ्यावर नाहीत. भांड्यांच्या भांडणाला मात्र हसलो, कारण ऑकलंडला पहिल्या वर्षी आम्ही पाच जण एका घरात राहत होतो आणि सिंकवरच्या वेळापत्रकावरून एक जण खरोखर घर सोडून गेला होता.

तर तिला मी आधी मालेगावचा माहितीपट दाखवला, ‘शोले’ नाही. सुपरमॅन तिला पाठ आहे. शफीक पडद्यावर आला आणि ती जी हसत सुटली ती थांबेना. नाडा पाहून तर सोफ्यावरून घसरली. मग कॅमेरा पाण्यात पडला तेव्हा गप्प झाली. संपल्यावर तिने विचारले, तो आता काय करतो? शफीक शेख २०११ साली कर्करोगाने गेला. त्याचा सुपरमॅन लोकांसमोर नीट आला तो २०१२ मध्ये. या मंडळींवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ काढला. टोरांटोच्या महोत्सवात तो २०२४ साली दाखवला गेला आणि २०२५च्या फेब्रुवारीत थिएटरांत लागला. मुंबईने शेवटी मालेगावची नक्कल केली, असे मी तिला म्हणालो. तिला ते आवडले नाही. “त्याला बघायला मिळायला हवं होतं,” एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला. तो आता चाळिशीला आला आहे, वडिलांचे दुकान बघतो. ‘मालेगाव के शोले’ची ती व्हीसीडी अजून आहे का, असे विचारले. तो थोडा थांबला. “मामा,” तो म्हणाला, “तुम्हीच ना ती बंद करायला लावली होती?” एकोणीस वर्षे त्याच्या लक्षात होते. मी माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला की शोधतो, पण घरात व्हीसीडी चालवायचे यंत्रच उरलेले नाही.

शनिवारी धाकटी आपणहून म्हणाली, “खरा ‘शोले’ लावा.” दोनशे चार मिनिटे! मी तिला आधीच बजावले. शेवट सेन्सॉरने बदलायला लावला होता, आणीबाणीच्या दिवसांत ठाकूरने कायदा हातात घेतलेला चालत नव्हता, हेही सांगितले. बजावायची गरज नव्हती. रेल्वे दरोडा तिने सरसावून पाहिला. अहमद झालेला सचिन तिला ओळखू आला नाही, विजू खोटे मात्र ‘रॉबर्ट’ म्हणून आले, कारण ‘अंदाज अपना अपना’ मी तिला पूर्वी दाखवला होता. मग तो प्रसंग आला. वारा सुटतो, ठाकूरच्या अंगावरची शाल उडते.

तिने रिमोट उचलून चित्र थांबवले. बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही शाल पिन लावून बसवली होती.”